आधी साल ठरव, मग चिलखत

खोकं फोडलं, वरचे कागदाचे बोळे बाजूला केले आणि चिलखताच्या आतल्या अंगाला चिकटवलेली चिठ्ठी दिसली: मेड इन इंडिया. मी न्यूकॅसलमध्ये भाड्याच्या घरात बसून रोमन सैनिकाचं चिलखत मागवलं होतं आणि ते डेहराडूनहून आलं होतं. जगभर रोमन सैनिक होऊन उभे राहणाऱ्या हौशी मंडळींच्या अंगावरचं बरंचसं लोखंड उत्तराखंडातल्या कारखान्यांतून जातं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ती चिठ्ठी बघून ऊर भरून आला. आणि दोनच आठवड्यांनी कळलं, की आहे तसं हे चिलखत घालून मला उभं राहता येणार नाही.

रिएनॅक्टमेंट म्हणजे एखाद्या काळाचा वेष, शस्त्रं, अन्न, कवायत सगळं शक्य तितकं खरं करून तो काळ लोकांसमोर उभा करणं. इथे उत्तर इंग्लंडात, रोमन सम्राट हेड्रियननं बांधवलेल्या भिंतीच्या आसपास असे गट आहेत. मी नोकरीनिमित्त इथे आलो आणि दुसऱ्या उन्हाळ्यात एका गटाची कवायत पाहिली. वीस माणसं एका आज्ञेवर ढाली जोडतात, तो आवाज पोटात जाणवतो. त्याच दिवशी नाव नोंदवलं. माझ्यासाठी ओढ जुनी होती. कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती आहे. भूमध्य समुद्राकडून व्यापाराबरोबर आलेली. शाळेत असताना आजोबांबरोबर ती पाहिली होती, आणि समुद्राचा हा परका देव पंचगंगेच्या काठी आला कसा, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात होता.

गटाचे ज्येष्ठ सत्तरीचे आहेत, आयुष्यभर जहाजबांधणीत काम केलेले. चिलखत मांडीवर घेऊन त्यांनी खूप वेळ उलटंपालटं करून पाहिलं आणि एकच विचारलं, "कुठलं साल?"

मी म्हणालो, "रोमन."

ते शांतपणे म्हणाले, "रोमन सैन्य शेकडो वर्षं होतं. शिवाजी महाराजांच्या मावळ्याला तू पहिल्या महायुद्धातला कोट घालशील का?"

महाराजांचं नाव त्यांना माझ्याकडूनच कळलं होतं, आणि त्यांनी ते माझ्यावरच वापरलं. बरोबरच होतं त्यांचं. माझ्या खोक्यातलं चिलखत एका शतकाचं, चपला त्याआधीच्या, तलवारीची मूठ कुठलीच नाही, असा प्रकार होता. विक्रेत्यानं सगळ्यावर 'ऑथेंटिक' लिहिलं होतं. गटाचा नियम मात्र साधा आणि कडक आहे. अंगावरच्या प्रत्येक वस्तूबद्दल सांगता आलं पाहिजे, की अशी वस्तू अमुक ठिकाणी सापडली आहे, अमुक काळातली आहे. शिल्पात दिसते तेवढ्यावर भागत नाही. रोममधला सम्राट ट्राजनचा स्तंभ इसवी सन 113 सालचा. त्यावर सैनिकांच्या रांगाच रांगा आहेत, पण तो कोरणाऱ्या कलाकारांनी चिलखतं सोपी करून टाकली आहेत. ती शिल्पं बघून लोक कितीतरी काळ समजत होते, की हे पट्ट्यांचं चिलखत चामड्याचं होतं.

साल ठरवायला मला फार वेळ लागला नाही. न्यूकॅसलच्या ग्रेट नॉर्थ म्युझियममध्ये टाइन नदीतून निघालेल्या दोन दगडी वेद्या आहेत. सहाव्या लीजननं, म्हणजे लेजिओ सहा विक्ट्रिक्स या रोमन पलटणीनं वाहिलेल्या. एक महासागराचा देव ओशनस याला, त्यावर जहाजाचा नांगर. दुसरी नेपच्यूनला, त्यावर त्रिशूळाला वेढा घातलेला डॉल्फिन. नेपच्यून म्हणजे पोसायडनच. कोल्हापुरात लहानपणी पाहिलेला देव मला इथे नदीकाठी पुन्हा भेटला. ही पलटण 122 च्या सुमारास नवा गव्हर्नर प्लाटोरियस नेपोस याच्याबरोबर ऱ्हाइनकाठच्या छावणीतून ब्रिटनला आली आणि भिंत बांधायच्या कामाला लागली. मी ठरवलं: सहावी लीजन, साल 122, टाइनचं खोरं. त्यानंतर निम्मे प्रश्न आपोआप सुटले आणि निम्मी खरेदी आपोआप बाद झाली.

चिलखतापासून सुरुवात केली, कारण त्याचा मूळ नमुना अगदी दाराशी होता. न्यूकॅसलहून आगगाडीनं थोडं पश्चिमेला गेलं की कॉर्ब्रिज. तिथे 1964 च्या उत्खननात लोखंडी पट्ट्या मारलेली एक लाकडी पेटी सापडली. आत चिलखताचे गंजून एकमेकांना चिकटलेले तुकडे, भाल्यांची पाती, हत्यारं, खिळे, खेळायच्या सोंगट्या. कुणीतरी कोठीतलं मोडकं-तोडकं सामान भरून पेटी जमिनीत पुरली आणि परत न्यायला कुणी आलं नाही. लंडनच्या टॉवरमधल्या शस्त्रागारातले एच. रसेल रॉबिन्सन यांनी या तुकड्यांवरून चिलखताची जुळणी कशी असेल ते उलगडलं. आज आपण चित्रांत, चित्रपटांत जे पट्ट्यांचं रोमन चिलखत बघतो ते या पेटीमुळे उभं राहिलं आहे. त्याला 'लोरिका सेगमेंटाटा' म्हणतात, पण तेही नाव रोमन नाही. सोळाव्या शतकातल्या विद्वानांनी ठेवलेलं आहे.

मी तीन शनिवार कॉर्ब्रिजच्या संग्रहालयात त्या तुकड्यांच्या काचेसमोर घालवले. फोटो काढले, रेघा मारल्या, आणि घरी येऊन माझ्या चिलखताशी ताडून पाहिलं. माझ्याकडच्या पितळी बिजागऱ्या चौकोनी आणि जाड. मूळच्या पातळ पत्र्याच्या, कडेला पाकळ्यांसारख्या गोल कापलेल्या. माझा पत्रा स्टीलच्या ताटासारखा चकचकीत, जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास. मूळचा हातानं ठोकलेला, बऱ्याच ठिकाणी त्याहून पातळ. आणि माप! माझी कंबर छत्तीस इंच, चिलखत चव्वेचाळीसचं. समोरच्या कडा एकमेकींवर चढत होत्या. असल्या चिलखताचं वजन खांद्यांवरच लटकतं, कमरेवर बसत नाही, आणि तासाभरात मान आखडते.

पण खरा दोष आतल्या बाजूला होता. या चिलखताची सगळी करामत बाहेर दिसतच नाही. लोखंडी पट्ट्या आतून चामड्याच्या उभ्या वाद्यांना रिव्हेटनं जडवलेल्या असतात. प्रत्येक पट्टी खालचीवर थोडी चढते, म्हणून वाकलं की चिलखत वाकतं, आणि काढून ठेवलं की दुर्बिणीच्या नळ्यांसारखं मिटून बसतं. चामडं वाईट असेल तर लोखंड कितीही चांगलं असून उपयोग नाही. पहिल्याच पावसाळी कवायतीत माझ्या वाद्या भिजल्या, ताणल्या आणि डाव्या बाजूच्या पट्ट्या बोटभर खाली उतरल्या.

डिसेंबरात सुट्टीला घरी गेलो तेव्हा त्यातली एक वादी कापून बरोबर नेली. आमच्या ओळखीचे एक काका आहेत, पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापुरी चपला करणारे. चप्पल लाइनीतल्या दुकानांना माल देतात. त्यांनी वादी हातात घेतली, वास घेतला, रापीनं टोक तिरकं कापलं आणि कड माझ्यासमोर धरली.

"कड बघ. मधी निळसर दिसतंय न्हवं? क्रोमचं हाय ह्ये. पर्सला बरं. वजन टांगशील तर लोंबणारच की."

क्रोमनं कातडं कमावणं ही एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. रोमन काळात कातडं झाडांच्या साली वापरून कमावत, आणि कोल्हापुरी चपलेचं कातडं आजही बाभळीची साल आणि हिरडा यांवर मुरतं. झाड वेगळं, रीत तीच. मी काकांना चिलखताचे फोटो दाखवले. त्यांना रोमन साम्राज्याशी काही घेणं नव्हतं, पण पट्ट्या आतून कशा तोलल्यात हे त्यांना माझ्याहून लवकर समजलं. म्हणाले, "पोटाकडचं कातडं घेऊ नगस. ते ताणतंय. पाठीचं घे, अन् वादी मानंकडनं शेपटाकडं काप, आडवी न्हाई." मग म्हशीच्या पाठीचं अडीच मिलिमीटर जाडीचं कातडं त्यांनी स्वतः निवडून दिलं, पैसे निम्मेच घेतले, आणि जाताना रापीसुद्धा हातात ठेवली. ती रापी आज माझ्या हत्यारपेटीत सगळ्यात वर असते.

परत आल्यावर चिलखत पूर्ण उसवलं. कमरेच्या पट्ट्या सात जोड्या, म्हणजे चौदा. प्रत्येकीला तीन ठिकाणी रिव्हेट. बेचाळीस रिव्हेटची डोकी घासून काढायची, चौदाही पट्ट्यांची टोकं माझ्या मापाला कापायची, कडा गुळगुळीत करायच्या, आणि नव्या वाद्यांवर पुन्हा ठोकायच्या. पहिल्या खेपेला मी वाद्या घट्ट ताणून जडवल्या. दिसायला सुंदर, पण पट्ट्या एकमेकींवर सरकेनात, खाली बसलो की बरगडीत रुतायच्या. वरच्या तीन जोड्या पुन्हा उसवल्या. दोन पट्ट्यांमध्ये वादीला किंचित झोळ ठेवायचा असतो, साधारण मसुराच्या डाळीच्या जाडीइतका. हे कुठल्या आकृतीत दिसत नाही, हातालाच कळतं. चकाकी घासून काढली, आणि गंजाला आळा म्हणून मेंढीच्या लोकरीतलं मेण चोळलं. आधी ऑलिव्ह तेल लावून पाहिलं होतं. ते महिन्याभरात चिकट होतं आणि धूळ धरतं. आता हे साडेआठ किलोचं चिलखत कमरेवर असं बसतं, की अर्ध्या तासानं त्याचा विसर पडतो.

यात डेहराडूनच्या कारागिरांचा दोष मी अजिबात मानत नाही. ठोकलेली कड, वळवलेला खांदा बघितला की हात कसलेला आहे हे कळतं. त्यांच्या पुढ्यात ज्याचं चित्र ठेवलं तेच त्यांनी केलं. चित्र चुकीचं होतं, आणि ते देणारा माणूस कधी कॉर्ब्रिजच्या काचेसमोर उभा राहिलेला नव्हता. गटातल्या दोघांनी पुढे तिथल्याच एका कारखान्याला मापं आणि फोटो धाडून शिरस्त्राण करवून घेतलं. ते इतकं नेटकं उतरलं, की ज्येष्ठांनी ते हातात घेऊन नुसती मान हलवली.

शिरस्त्राणाचं साल पाळताना सर्वांत जास्त चुका होतात. ट्राजनच्या डेशियातल्या, म्हणजे आजच्या रोमानियाकडच्या युद्धांच्या काळात शिरस्त्राणाच्या डोक्यावर लोखंडी पट्ट्यांची फुली मारायला लागले, वरून पडणारा घाव अडवायला. हेब्रॉनजवळ सापडलेलं आणि आता जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये असलेलं शिरस्त्राण याचा उत्तम नमुना आहे: फुली आहेच, शिवाय पितळेच्या चंद्रकोरी जडवलेल्या आहेत. 122 च्या माणसाला ते साजेल. माझं मी गटातल्याच एका निवृत्त होणाऱ्या सदस्याकडून घेतलं. घेताना तीन गोष्टी पाहिल्या. गालपट्ट्या सपाट आहेत की जबड्याच्या वळणाला धरून आहेत. मानेवरचा पत्रा चिलखताच्या गळ्याला अडकतो का. आणि मान खाली घालून दोनदा झटकल्यावर ते डोळ्यांवर येतं का. ते येत होतं, म्हणून आत जाड लोकरीचं नमद्यासारखं अस्तर शिवलं. चिलखताशिवाय शिरस्त्राण निवडू नये, हे इथे ठासून सांगतो. दुकानात डोक्याला छान बसलेलं शिरस्त्राण चिलखत चढवल्यावर वर बघू देत नाही.

आता पायांकडे. खोक्याबरोबर आलेल्या कालिगे, म्हणजे त्या पट्ट्यापट्ट्यांच्या उघड्या, खिळेदार चपला, मला फार आवडल्या होत्या. कोल्हापूरच्या माणसाला त्या आवडणारच. पण भिंतीजवळच्या विंडोलांडा या रोमन छावणीच्या ओलसर मातीत आजवर पाच हजारांहून अधिक पादत्राणं सापडली आहेत, आणि हेड्रियनच्या काळापर्यंत सैनिकाच्या पायात मुख्यतः बंद बूट आलेले दिसतात. कालिगे पहिल्या शतकातल्या. मी त्या गटातल्या इसवी सन 60 च्या आसपासचा सैनिक साकारणाऱ्या मुलाला देऊन टाकल्या आणि विंडोलांडाच्या नमुन्यावर बूट शिवून घेतले. आत लोकरीचे मोजेही घालतो. त्यालाही पुरावा आहे: विंडोलांडालाच सापडलेल्या एका लाकडी पातळ फळीवर शाईनं लिहिलेल्या पत्रात कुणीतरी कुणालातरी मोज्यांचे जोड, दोन जोड चपला आणि दोन आतल्या चड्ड्या पाठवल्याचं लिहिलं आहे. ते पत्र वाचलं त्या दिवशी मला ऑफिसात बसवेना. थंडीत मुलाला स्वेटर धाडणारी आमची आई, आणि हे पत्र, यांत काही अंतर राहिलं नाही.

तळाचे लोखंडी खिळे हा स्वतंत्र शिकण्याचा विषय. गवतावर, चिखलात ते जमीन धरतात. फरशीवर मात्र बर्फावर उभं राहिल्यासारखं होतं. त्या काळचा ज्यू इतिहासकार जोसेफस यानं लिहून ठेवलंय, की 70 सालच्या जेरुसलेमच्या वेढ्यात ज्युलियानस नावाचा सेंच्युरियन, म्हणजे रोमन तुकडीचा नायक, एकटाच शत्रूवर धावून गेला, सगळे त्याच्यापुढून पळत होते, आणि खिळ्यांच्या बुटांनी तो फरसबंदीवर घसरून पडला. पडल्यावर त्याला घेरून मारलं. आमचा गट गावातल्या दगडी चौकात चालतो तेव्हा मी पाय उचलून नाही, सपाट ठेवत चालतो, आणि दर वेळी तो ज्युलियानस आठवतो.

अंगरख्याबद्दल नवीन माणसं पहिला प्रश्न रंगाचा विचारतात: लाल की पांढरा? मी आधी विणीकडे आणि वजनाकडे बघायला सांगतो. इजिप्तमध्ये मिळालेल्या 138 सालच्या एका पपायरसवर कॅपॅडोशियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या सैन्यासाठी विणकरांना दिलेली मागणी आहे. त्यात पांढरा अंगरखा साडेतीन हात लांब, तीन हात चार बोटं रुंद, वजन पावणेचार मिना (मिना हे तेव्हाचं वजनाचं माप), आणि आगाऊ रक्कम चोवीस द्राख्मा, म्हणजे तेव्हाची नाणी, असं नोंदवलं आहे. हात आणि बोटं! आमची आजी साड्यांचं आणि वाकळेचं माप याच भाषेत सांगायची. म्हणजे लांबी-रुंदीइतकंच वजन ठरलेलं असायचं, कारण विरळ विणून सैन्याला फसवता येऊ नये. मी न रंगवलेली, पांढुरकी, जाड लोकर घेतली. रुंदी ऐसपैस ठेवली, आणि कमरेला पट्ट्यानं वर खोचली. गटातल्या दोघींनी स्वतः मंजिष्ठाच्या युरोपीय जातीच्या मुळांनी कापड लाल रंगवलं आहे, तेही सुरेख दिसतं. कृत्रिम रंगाचा तो भडक लाल मात्र नको. शंभर पावलांवरून तो खोटा कळतो.

तलवारीवर फार लिहीत नाही. पाँपेई घाटाची, समांतर धारांची, धार आणि टोक बोथट केलेली घेतली; लीजनच्या सैनिकाप्रमाणे उजव्या बाजूला बांधतो. गाडीच्या डिकीत गुंडाळून, कुलूप लावून नेतो आणि कार्यक्रमाचं पत्र जवळ ठेवतो. तेवढं पुरतं.

ढाल मात्र मी स्वतः केली, आणि माझा सगळ्यात जास्त जीव तिच्यात आहे. वळलेली, पूर्ण, रंगासकट टिकलेली आयताकृती रोमन ढाल सीरियातल्या ड्युरा-युरोपोसची. ती आता अमेरिकेत येल विद्यापीठाकडे आहे. तिसऱ्या शतकातली, म्हणजे माझ्या सालापेक्षा शंभरावर वर्षांनी नंतरची. तरी तिचं काम बघून घडण समजते. पातळ लाकडी पट्ट्यांचे तीन थर: मधला उभा, आतला-बाहेरचा आडवा. प्लायवूडच म्हणा. मी लाकडी साचा केला, त्यावर बर्चच्या दोन मिलिमीटर पट्ट्या प्राण्यांच्या कातडीपासून केलेल्या सरसानं चिकटवल्या, दोऱ्यांनी करकचून बांधून आठवडाभर ठेवलं. पहिली ढाल एका पावसात उकलली. सरस ओला झाला की सुटतो. आधुनिक चिकटण वापरावं का, यावर गटात बरीच चर्चा झाली. मी सरसच ठेवला, कारण रोमन सैनिकालाही हाच त्रास होता, आणि त्याचं उत्तरही त्याच्याकडे होतं: ढालीला बकऱ्याच्या कातड्याचं आवरण. अशा आवरणांचे तुकडे विंडोलांडाच्या मातीत सापडले आहेत. आवरण शिवायला दोन महिने गेले. त्यानंतर तीन उन्हाळे झाले, ढाल तशीच आहे.

मधला लोखंडी उंचवटा जडवताना नाव कोरलं. टाइनच्या मुखाशी सापडलेला आणि ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलेला ढालीचा एक उंचवटा आहे. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी मालकाचं नाव टोचलं आहे: ज्युलियस मॅग्नसच्या शंभरीतला, म्हणजे त्याच्या हाताखालच्या तुकडीतला, जुनियस दुबिटाटस. तो आठव्या लीजनचा होता. खिळ्याच्या टोकानं टोचलेले ते ठिपके सरळ रेषेत नाहीत. मीही हातोडी आणि पोगर घेऊन तसंच टोचलं, आधी आखणी न करता.

मागच्या ऑगस्टमध्ये कवायतीत उजव्या खांद्याची पितळी बिजागरी तुटली. ढालीला ढाल भिडली, खांदा वर गेला आणि पातळ पत्रा कडेला फाटला. नवीन बिजागरी मागवायला मी यादी केली होती. त्याआधी एकदा कॉर्ब्रिजला गेलो. त्याच काचेसमोर या खेपेला खांद्याचे तुकडे जवळून पाहिले, आणि इतके शनिवार जे दिसलं नव्हतं ते दिसलं. मूळ चिलखतावरही बिजागऱ्या तुटल्या आहेत. एका ठिकाणी कुणीतरी बिजागरीच्या भानगडीत न पडता दोन पत्रे सरळ एकावर एक ठेवून रिव्हेट ठोकून टाकला आहे. घाईत, ओबडधोबड, पण पक्का.

घरी आलो, मागणी रद्द केली. खांद्याचे दोन पत्रे एकावर एक ठेवले, काकांच्या रापीनं खालची वादी थोडी मागे सारली आणि एक रिव्हेट ठोकला.